आंबट, तुरट आणि बेताची

कच्ची क्रॅनबेरी एकदा तरी साखरेशिवाय चावून बघावी. पहिल्या घासालाच दात आंबतात. ते एक वेळ चालतं, आंबट फळं आपण आवडीने खातोच. पण आंबटपणा ओसरला की मागून जो तुरटपणा येतो तो जीभ पार आखडून टाकतो. माझ्या तोंडून तर ‘शी!’ असंच निघालं. पुढे वाचत गेले तेव्हा कळलं, की या फळाची जी काही औषधी ख्याती आहे ती बरीचशी या तुरटपणाच्याच नावावर आहे. म्हणजे साखर ओतून आपण नेमकं तेच झाकायला बघतो.

फळ दिसायला गोजिरवाणं. लालबुंद, टणक, बोटांत धरलं तर कुरकुरीत वाटणारं. सुरीने आडवं कापलं की आत चार पोकळ कप्पे दिसतात. त्यांत चिमूटभर बिया, बाकी सगळी हवा. या हवेमुळेच क्रॅनबेरी पाण्यावर तरंगते आणि तोडणी करणारे त्याचा पुरेपूर फायदा घेतात. मळ्यात पाणी सोडायचं, वेल घुसळायचे, सुटलेली फळं वर आली की एका कडेला लोटत न्यायची. लाल तळ्यात कमरेइतक्या पाण्यात उभ्या असलेल्या माणसांचे फोटो बघून बऱ्याच जणांना वाटतं की हे पाण्यात उगवणारं फळ आहे. तसं नाही. वेल वाढतात ते आम्लधर्मी, दलदलीच्या, वाळू मिसळलेल्या जमिनीत. १८१६ च्या सुमारास मॅसॅच्युसेट्समधल्या केप कॉडच्या हेन्री हॉल यांनी पाहिलं, की वाऱ्याने वाळू उडून ज्या वेलांवर बसते ते वेल उलट जास्त जोमाने वाढतात. या फळाची पद्धतशीर लागवड तिथून सुरू झाली असं मानतात. आज अमेरिकेतलं निम्म्याहून जास्त पीक एकट्या विस्कॉन्सिन राज्यातून येतं. उत्तर अमेरिकेतले मूळ रहिवासी या लागवडीच्या कितीतरी आधीपासून ही फळं सुकवलेल्या मांसात आणि चरबीत कुटून टिकाऊ शिदोरी करत होते, जखमांवरही लावत होते.

मला मात्र या फळाबद्दल जे कुतूहल वाटलं त्याचं कारण इतिहास नाही आणि चव तर नाहीच नाही. ज्या बायकांना लघवीचं इन्फेक्शन फिरून फिरून होतं, त्यांच्यातली मी एक. ज्यांना झालंय त्यांना वेगळं सांगायला नको. ज्यांना नाही त्यांच्यासाठी: संध्याकाळपर्यंत सगळं ठीक असतं. मग एकदा जाऊन आल्यावर वाटतं, अजून थोडी राहिली का? दहा मिनिटांनी पुन्हा जाते. येतात चार थेंब, पण ते चार थेंब तिखट लावल्यासारखे. रात्री अकरा वाजता माणूस बाथरूमच्या दारातच ठाण मांडतो. ओटीपोटात दाटल्यासारखं होतं, झोप उडते, आणि सकाळी कामावर जाऊन कुणाला ‘काय होतंय’ हे सांगायचीही पंचाईत. तापाला रजा मागता येते, उन्हाळी लागली म्हणून कशी मागणार?

निम्म्याहून जास्त बायकांना आयुष्यात एकदा तरी हे होतंच. बायकांचा मूत्रमार्ग जेमतेम चार सेंटिमीटर लांब असतो. पुरुषांचा त्याच्या चौपट-पाचपट. आतड्यात सुखाने नांदणारा ई. कोलाय हा जिवाणू एवढं अंतर सहज कापतो. आणि एकदा झालेल्यांपैकी साधारण चौथ्या हिश्शाला ते काही महिन्यांत पुन्हा होतं. तरीही इतकी वर्षं या दुखण्याला ‘पाणी पी भरपूर, होईल बरं’ या पलीकडे कुणी फारशी दाद दिली नाही. वैद्यकशास्त्राने मोकळी सोडलेली जागा कुणीतरी भरणारच. ती भरली क्रॅनबेरीने. मैत्रिणी सांगतात, औषधाच्या दुकानातला मुलगा सांगतो, मोबाईलवर येणारे निरोप सांगतात. मलाही इतक्या जणींनी सांगितलं, की शेवटी म्हटलं, बघूया तरी हे नक्की करतं काय.

आमच्या डॉक्टरबाई मोजकं बोलतात. मी विचारलं तर म्हणाल्या, “ज्यूस प्यायचा असेल तर प्या. पण जळजळ सुरू झाल्यावर त्याचा काही उपयोग नाही. तेव्हा लघवी कल्चरला द्यायची आणि मला दाखवायचं. थंडी वाजून ताप आला किंवा कमरेच्या वर पाठीत दुखायला लागलं तर उद्यावर ढकलायचं नाही.” म्हणजे इन्फेक्शन वर मूत्रपिंडापर्यंत गेलं असण्याची शक्यता. क्रॅनबेरीबद्दल मी पुढे जे जे वाचलं, त्यात या तीन-चार वाक्यांना छेद देणारं काही मिळालं नाही. होऊ नये म्हणून घ्यायची असेल तर बोलूया. झालेलं बरं करायला घेत असाल तर सोडून द्या. बाटलीवरचं चित्र मात्र हा फरक कधी सांगत नाही.

आता ते तुरटपणाचं. पूर्वी समजूत होती की क्रॅनबेरीने लघवी आम्लधर्मी होते आणि त्या आम्लात जंतू मरतात. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तसे प्रयोगही झाले. फळातल्या बेन्झोइक आम्लापासून शरीर हिप्युरिक आम्ल तयार करतं, हे खरं. पण माणसाला पिववेल एवढ्या ज्यूसने लघवीतलं आम्ल जंतू मरण्याइतकं काही वाढत नाही. १९८४ साली वेगळीच बाजू पुढे आली: क्रॅनबेरी जंतूंना मारत नाही, चिकटू देत नाही.

हा भाग मला फार आवडला. ई. कोलायच्या अंगावर केसांसारखे बारीक धागे असतात, त्यांना फिम्ब्रिया म्हणतात. या धाग्यांच्या टोकांनी तो मूत्राशयाच्या आतल्या अस्तराला घट्ट धरून बसतो. पकड बसली नाही तर लघवीच्या धारेबरोबर सरळ बाहेर. क्रॅनबेरीत प्रोअँथोसायनिडिन नावाची तुरट द्रव्यं असतात. ती द्राक्षांत, सफरचंदात, कोकोतही आहेत, पण तिथे मुख्यतः ‘बी’ प्रकारची. क्रॅनबेरीतल्यांची रचना ‘ए’ प्रकारची, रेणूंमध्ये एक जादा जोड असलेली, आणि प्रयोगशाळेतल्या काचपात्रात तरी हाच प्रकार ई. कोलायची पकड बसू देत नाही. जंतू जिवंतच राहतो, त्याला फक्त बूड टेकायला जागा मिळत नाही. म्हणूनच एकदा तो अस्तरात घुसून वाढायला लागला की क्रॅनबेरीच्या हातात काही उरत नाही. डॉक्टरबाईंचं बोलणं मला इथे नीट उमगलं.

पण यातही एक गोम आहे. हे मोठे तुरट रेणू आतड्यातून रक्तात जवळजवळ उतरतच नाहीत. मग लघवीत पोचतात कसे? क्रॅनबेरी घेतलेल्या माणसाच्या लघवीत जंतू कमी चिकटतात, असं काही प्रयोगांत दिसलंय. पण त्या लघवीत मूळ द्रव्य शोधायला जावं तर नावापुरतंच. सध्याचा अंदाज असा, की मोठ्या आतड्यातले जिवाणू हे रेणू फोडून लहान तुकडे करतात, ते तुकडे रक्तात जातात आणि काम करतात ते बहुधा तेच. म्हणजे कुणाच्या आतड्यात कोणती वस्ती आहे यावरही गुण अवलंबून असणार. मैत्रिणीला लागू पडलं आणि मला नाही, असं का होतं याचं निदान एक कारण इथे असू शकतं.

प्रत्यक्ष माणसांवरचे प्रयोग वाचताना मात्र डोकं गरगरतं. १९९४ साली १५३ वयस्क बायकांवर झालेला प्रयोग गाजला. एका गटाला रोज ३०० मिलिलिटर क्रॅनबेरीचं पेय, दुसऱ्याला तसंच दिसणारं आणि तशीच चव असणारं दुसरं काहीतरी. क्रॅनबेरी गटाच्या लघवीत जंतू आणि पू सापडण्याची शक्यता निम्म्याहूनही कमी भरली. वर्तमानपत्रांना आणखी काय हवं? पण तिथे मोजलं होतं ते लघवीच्या नमुन्यातले जंतू. किती जणींना त्रास झाला, तो मुद्दा वेगळा. पुढे २०११ साली कॉलेजातल्या ३१९ मुलींना, नुकतंच इन्फेक्शन झालेल्या, सहा महिने दिवसातून दोनदा ज्यूस किंवा बनावट ज्यूस दिला. क्रॅनबेरी पिणाऱ्यांपैकी २० टक्के मुलींना पुन्हा इन्फेक्शन झालं, बनावट ज्यूसवाल्यांपैकी १४ टक्के मुलींना! मी हे आकडे दोनदा वाचले. गंमत अशी, की संशोधकांनी जेवढ्या इन्फेक्शनची अपेक्षा धरली होती त्यापेक्षा दोन्ही गटांत कमीच झाली. रोज दोन पेले काहीतरी ठरवून प्यायचं म्हटलं की माणूस एरवीपेक्षा जास्त द्रव घेतो, जास्त वेळा जातो, आणि जंतूंना बसू देत नाही. कदाचित खरं औषध पेल्यातलं फळ नसून पेलाच असेल.

२०१२ साली कोक्रेन या संस्थेने तोवरचे २४ प्रयोग एकत्र तपासले आणि निष्कर्ष काढला की फारसा फायदा दिसत नाही. २०१६ साली वृद्धाश्रमांतल्या १८५ बायकांना वर्षभर कॅप्सूल देऊन पाहिल्या. काहीही फरक नाही. झालं, क्रॅनबेरीचा निकाल लागला, असंच सगळ्यांना वाटलं. आणि २०२३ साली त्याच कोक्रेनने, तोवर ५० प्रयोग आणि आठ हजारांहून जास्त माणसं जमा झाल्यावर, आपलाच निकाल फिरवला. वारंवार इन्फेक्शन होणाऱ्या बायकांमध्ये धोका साधारण २६ टक्क्यांनी कमी. मुलांमध्ये ५४ टक्क्यांनी. काही वैद्यकीय उपचारांमुळे ज्यांना इन्फेक्शनचा धोका वाढला आहे अशांमध्ये ५३ टक्क्यांनी. वृद्धाश्रमातली म्हातारी माणसं, गरोदर बायका आणि मूत्राशय पूर्ण रिकामं न होणारे रुग्ण यांना मात्र फायदा दिसला नाही.

यावर लोक म्हणतात, ‘या शास्त्रज्ञांचं काही खरं नाही, आज एक उद्या एक.’ मला उलट हे सगळं प्रकरण फार समजूतदार वाटतं. सगळ्यांना एका रांगेत उभं करून ‘क्रॅनबेरी चालते का’ असं विचारलं तेव्हा उत्तर नाही आलं. रांग मोडून, कुणाला म्हणून विचारलं तेव्हा उत्तर आलं. २६ टक्के म्हणजे तरी किती? समजा, वर्षभरात शंभरातल्या चाळीस जणींना पुन्हा इन्फेक्शन होणार होतं, तर ते तिसाच्या आसपास जणींना होईल. दहा जणी वाचल्या, तिसांची सुटका नाही. चमत्कार नाही, पण ज्या दहा जणींच्या अँटिबायोटिकच्या गोळ्या टळल्या त्यांना विचारा. जंतू औषधांना दाद देईनासे होत चालले असताना एक कोर्स टळणं हीदेखील मिळकतच. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०२० साली उत्पादकांना हा दावा लिहायची परवानगी दिली, तीही अशी अट घालून, की ज्यूसबद्दलचा पुरावा ‘मर्यादित आणि विसंगत’ आहे हे सोबत लिहायचं. असा पेला आपलीच निंदा अंगावर मिरवत विकला जातो, याची मला गंमत वाटते.

पैशाचंही बोलून घेऊ. क्रॅनबेरीवरच्या बऱ्याच संशोधनाला क्रॅनबेरी पिकवणाऱ्यांचा आणि विकणाऱ्यांचा पैसा आहे. त्यामुळे निकाल खोटे ठरत नाहीत, पण वाचताना एक भुवई वर ठेवावी. ती पाण्याच्या बाबतीतही ठेवावी लागते. २०१८ साली, कमी पाणी पिणाऱ्या आणि वारंवार इन्फेक्शन होणाऱ्या १४० बायकांवरचा प्रयोग प्रसिद्ध झाला. निम्म्या जणींनी रोजच्यापेक्षा दीड लिटर पाणी जास्त प्यायचं. वर्षभरात त्यांना सरासरी १.७ वेळा त्रास झाला, बाकीच्यांना ३.२ वेळा. म्हणजे जवळजवळ निम्मा! हा प्रयोग बाटलीबंद पाणी विकणाऱ्या कंपनीच्या पैशाने झाला होता. तरीही या निकालावर माझा विश्वास बसतो, कारण पाणी नळातून आलं तरी मूत्राशयाला फरक कळत नाही.

क्रॅनबेरीच्या बाबतीत तसं म्हणता येत नाही. कुठल्या रूपात घेता यावर सगळं ठरतं. ताज्या फळात शंभर ग्रॅममागे जेमतेम चार ग्रॅम साखर. सुकवून गोड केलेल्या क्रॅनबेरीत तीच सत्तर ग्रॅमच्या आसपास. मी एकदा ज्यूसची बाटली उलटीसुलटी करून सगळी बारीक अक्षरं वाचून काढली. पहिला घटक पाणी. मग फळाचा अर्क. मग साखर. समोर मोठ्या अक्षरांत ‘क्रॅनबेरी’, पण फळाचा रस सत्तावीस टक्के. अशा एका पेल्यात जवळजवळ ३० ग्रॅम साखर जाते. जागतिक आरोग्य संघटना वरून घातलेली साखर दिवसाला शक्यतो २५ ग्रॅमच्या आत ठेवायला सांगते. मधुमेह असलेल्या बाईला लघवीचं इन्फेक्शन आधीच जास्त होतं. तिला हे पेय पाजणं म्हणजे एका हाताने देऊन दुसऱ्या हाताने काढून घेणं. बिनसाखरेचा रस मिळतो, पण तो पिणं ही तपश्चर्या आहे, आणि दातांच्या एनॅमलला तेवढं आम्ल रोज सोसत नाही. राहता राहिल्या कॅप्सूल. त्यांत प्रोअँथोसायनिडिन किती हे काही कंपन्या छापतात, काही नुसतं ‘क्रॅनबेरी पावडर’ म्हणून मोकळ्या होतात. बहुतेक अभ्यासांत दिवसाला ३६ मिलिग्रॅमचा आकडा येतो. डबीवर हा आकडाच नसेल तर आपण नेमकं काय गिळतोय हे कळायला मार्ग नाही.

हृदय, स्मरणशक्ती, जठरातला हेलिकोबॅक्टर नावाचा जिवाणू, हिरड्या... क्रॅनबेरीच्या नावावर यादी लांब आहे. २०२२ साली ५० ते ८० वयाच्या साठ माणसांनी बारा आठवडे रोज शंभर ग्रॅम फळाएवढी पावडर घेतली, तेव्हा स्मृतीच्या काही चाचण्यांत सुधारणा दिसली आणि वाईट कोलेस्टेरॉल उतरलं. त्याच वर्षी ४५ निरोगी पुरुषांच्या रक्तवाहिन्या महिनाभराच्या पावडरीने अधिक सहज प्रसरण पावताना दिसल्या. छान आहे. पण माणसं थोडी, काळ थोडा, आणि रोज शंभर ग्रॅम कच्ची क्रॅनबेरी खाणारा माणूस मला अजून भेटायचाय.

मजेची गोष्ट म्हणजे क्रॅनबेरी आणि आरोग्य ही जोडी आधी गाजली होती ती भीतीमुळे. नोव्हेंबर १९५९ मध्ये, ऐन थँक्सगिव्हिंगच्या, म्हणजे जेवणात क्रॅनबेरी हवीच अशा अमेरिकी सणाच्या तोंडावर, अमेरिकेचे आरोग्यमंत्री आर्थर फ्लेमिंग यांनी जाहीर केलं की काही पिकात अमिनोट्रायझोल हे तणनाशक सापडलं आहे आणि त्याने उंदरांना थायरॉइडचा कर्करोग होतो. दुकानांतून डबे उतरवले गेले. लोकांचा धीर वाढावा, आणि मतंही, म्हणून अध्यक्षपदाच्या निवडणुकीकडे डोळे लावलेल्या दोघांपैकी निक्सन यांनी विस्कॉन्सिनमध्ये क्रॅनबेरी खाऊन दाखवली, केनेडी यांनी ज्यूस पिऊन दाखवला. एका सणावर अवलंबून राहिलं की काय होतं याचा धडा उत्पादकांनी घेतला आणि पुढे वर्षभर खपणाऱ्या ज्यूसवर जोर दिला. आज ‘आरोग्यासाठी’ म्हणून जो पेला समोर येतो त्याची पाळंमुळं अशी एका आरोग्याच्याच घबराटीत आहेत.

एक इशारा मात्र गंभीरपणे घ्यावा. वॉरफरिन हे रक्त पातळ ठेवणारं औषध घेणाऱ्यांना ब्रिटनमध्ये २००३ साली क्रॅनबेरी ज्यूसबद्दल सावध केलं गेलं. त्यामागे सत्तरीतल्या एका गृहस्थांच्या मृत्यूची नोंद होती: आजारपणाने जेवण सुटलेलं, पोटात जवळजवळ फक्त क्रॅनबेरी ज्यूस आणि नेहमीची औषधं, आणि शेवटी थांबेना असा रक्तस्राव. पुढे नेहमीच्या प्रमाणात ज्यूस देऊन केलेल्या छोट्या प्रयोगांत फारसा परिणाम आढळला नाही. त्या गृहस्थांची उपासमार, इतर औषधं, सगळंच त्यात मिसळलेलं असणार. तरी माझ्या आत्याला मी सांगून ठेवलंय: आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते, तपासायला जाशील तेव्हा हे घेतेस हेही सांग. “अगं, फळच तर आहे,” ती म्हणते. फळ आहे म्हणूनच तर कुणी डॉक्टरांना सांगत नाही. ऑक्झलेटचे मूतखडे होणाऱ्यांनीही आधी विचारलेलं बरं. काही अभ्यासांत लघवीतलं ऑक्झलेट वाढलेलं दिसलंय.

परवा एका मैत्रिणीचा फोन आला. लेक पाच महिन्यांची गरोदर, लघवीच्या तपासणीत जंतू निघाले, त्रास काहीच नाही. हिने ज्यूसच्या बाटल्या आणून ठेवलेल्या.

“देऊ ना?”

“तिच्या डॉक्टरांनी काय सांगितलंय?”

“गोळ्या लिहून दिल्यात. पण ती म्हणते, काही होत नसताना अँटिबायोटिक कशाला घेऊ? त्यापेक्षा हे नैसर्गिक आहे.”

“गरोदरपणात त्रास नसला तरी उपचार करतात. ते वर मूत्रपिंडापर्यंत गेलं तर दोघांनाही धोका असतो. गोळ्या पूर्ण घ्यायला सांग.”

“आणि बाटल्यांचं काय करू?”

“तुला साखर नाही ना? मग तूच पी. पाणी घालून.”